सकाळपाळी

पहाटे साडेपाच. निर्मळहून नालासोपारा स्टेशनची बस. कार्तिकातली यात्रा असली की सुकेळीवाल्यांच्या गर्दीमुळे थोडं आधीच निघायचं. बांगड्या, अंगठी, घड्याळ घरीच. नवजात अतिदक्षता विभागात कोपरापर्यंत हात मोकळे लागतात.

सात. ओव्हर, म्हणजे पाळीची सोपवणूक. रात्रपाळीची सिस्टर एकेक बाळ सांगत जाते : वजन, ट्यूबने किती दूध, कॅन्युला कितव्या दिवसाची. बेड चारपाशी ती थांबते. साडेअकराशे ग्रॅमचं बाळ. रात्री दोनदा श्वास थांबला, पोट फुगलंय, पाय गार. मोठ्या माणसाला जंतुसंसर्गात ताप भरतो. एवढ्याशा जिवाचं अंग उलट थंड पडतं.

साडेसात. ब्लड कल्चर. त्याच्या अंगात रक्त सगळं मिळून शंभर मिलिलिटरच्या आसपास, त्यातलं एक मिलिलिटर घ्यायचं, तेही औषधाच्या पहिल्या डोसाआधी. पुस्तकातली पहिली जोडी अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. डॉक्टर थेट त्याहून जोरदार मेरोपेनेम लिहितात, आणि त्यांना दोष देता येत नाही. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या अभ्यासात नवजात बाळांच्या रक्तात सापडलेल्या अॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के आणि क्लेबसिएलापैकी ५४ टक्के जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी नव्वदच्या दशकात झोपडीत जेंटामायसिनची इंजेक्शनं देऊन बाळं वाचवली होती. पण ते जंतू घरातले होते. आमच्याकडचे वॉर्डात मुरलेले आहेत.

म्हणून दहा वाजता मी औषधांपेक्षा पाण्याकडे जास्त बघते. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी आज बदललं का? बेसिनच्या जाळीत क्लेबसिएला सुखाने राहतो, तिथे उरलेलं दूध कोणी ओतलं का? राउंडला आलेले मोठे डॉक्टर बेड तीनवरून थेट चारकडे वळतात. मी हँडरबची बाटली पुढे धरते. बोलत काही नाही. तेही बोलत नाहीत, हात चोळतात.

बारा. आया येतात. बाळ उघड्या छातीशी बांधून बसायचं, कांगारूसारखं. ऊब मिळते हे सगळ्यांना कळतं. आईच्या त्वचेवरचे साधे जंतू बाळाच्या अंगावर वस्तीला आले तर वॉर्डातल्यांना जागा कमी उरते, हे मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते.

काचेबाहेरून बेड सहाची आजी काळा दोरा दाखवते. “सिस्टर, निदान पेटीला तरी बांधा.”

“आजी, दोरा ओला होतो, त्यात जंतू धरतात. बाळाच्या नावाने तुमच्याच मनगटाला बांधा.”

ती बांधते. नियमाचा कागद दाखवला असता तर भांडण झालं असतं.

एक. लॅबचा फोन. बेड नऊ : क्लेबसिएला, मेरोपेनेमसकट बहुतेक रकान्यांत ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. उरलं कोलिस्टिन, मूत्रपिंडांना त्रास होतो म्हणून सत्तरच्या दशकात बाजूला पडलेलं औषध. आता लघवीचा थेंबन्‌थेंब मोजायचा, डायपर वजनकाट्यावर ठेवून.

बेड सात : अठ्ठेचाळीस तासांत काही उगवलं नाही, बाळही दूध पचवतंय. अँटिबायोटिक बंद करायचं का? ज्युनिअर डॉक्टर पेन हातात घेऊन उभे. सुरू करायला कोणी कारण विचारत नाही. बंद केल्यावर रात्री बाळ बिघडलं तर सगळे विचारतात. शेवटी ते रेघ मारतात. आजच्या दिवसातलं मला सर्वांत आवडलेलं काम.

अडीच. ओव्हर. बेड चारचं कल्चर अजून मशीनमध्येच आहे. पाय किंचित कोमट, पोट तसंच.

साडेचार, निर्मळ. शेजारची ताई फाटकाशीच अडवते. मुलाला सर्दी झालीय, मागच्या वेळच्या सेफिक्झिमच्या चार गोळ्या उरल्यात, देऊ का? मी पट्टी मागून घेते. तिचा चेहरा उतरतो. २०१४पासून या औषधाची चिठ्ठी पाहून दुकानदाराने वहीत नोंद करायची असते. पण नाक्यावरचा दुकानदार तिच्या ओळखीचा आहे, आणि दुकान नऊपर्यंत उघडं असतं.