पाते फिरते कसे आणि थांबते कसे



पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांचा, कापसाचा आणि ज्वारीचा मुलूख. राज्य मध्य प्रदेश, परंतु घरोघरची बोली मराठी. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. या भागात बागेतील गवत कापण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे यंत्र जोडतात आणि गोठ्यात वैरणीसाठी कुट्टीचे यंत्र ठेवतात. या दोन्ही यंत्रांत शक्ती एका ठिकाणी असते आणि पाते दुसऱ्या ठिकाणी. त्या दोहोंची गाठ हाताने घालावी की विजेने, हा आजचा विषय आहे.

प्रथम हाताची रीत पाहू. इंजिनाच्या कप्पीवरून पात्याच्या कप्पीवर पट्टा नेलेला असतो, पण तो सैल असतो. दांडा ओढला की एक तिसरी कप्पी त्या पट्ट्याला ताण देते, पट्टा पकड घेतो आणि पाते फिरू लागते. दांडा मागे नेला की पट्टा पुन्हा सैल होतो. ही रचना स्वस्त असते, तिच्यात बिघडण्यासारखे थोडे असते आणि दुरुस्ती गावच्या मिस्त्रीलाही करता येते. शिवाय पकड हळूहळू बसविता येत असल्याने यंत्राला एकदम हिसका बसत नाही. मात्र पट्टा झिजतो, ओढतार लांबते, आणि मुख्य म्हणजे दांडा माणसाने हलविल्यावाचून हलत नाही. माणूस घाबरला, घसरला किंवा दूर असला, तर पाते फिरतच राहते.

आता विजेची रीत. अमेरिकेत घरासमोरचे गवत कापण्यासाठी वर बसून चालविण्याची छोटी गाडी वापरतात. तिच्या अनेक नमुन्यांत इंजिनाच्या दांड्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. कळ दाबताच बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह त्या वेटोळ्यातून जातो, त्याचे चुंबक बनते, समोरची पोलादी चकती खेचली जाते आणि पाते फिरते. प्रवाह तुटला की स्प्रिंगा त्या चकतीस मागे ओढून अवरोधकावर टेकवितात आणि पाते थांबते. चालक आसनावरून उठताच प्रवाह तुटावा, अशी कळ आसनाखाली बसविता येते. या रचनेची किंमत अधिक असते. बॅटरी अशक्त झाली तर पकड निसटते आणि वेटोळे जळाले तर नवीनच आणावे लागते.

मग श्रेष्ठ कोणती? याचे उत्तर पाते फिरविण्याच्या सोयीत शोधू नये, थांबविण्याच्या रीतीत शोधावे. विजेच्या रचनेत पाते फिरण्यासाठी प्रवाह सतत लागतो, थांबण्यासाठी काहीच लागत नाही. तार तुटली, बॅटरी संपली, तरी परिणाम एकच : पाते थांबते. बिघाड झाला असता यंत्राने निरुपद्रवी व्हावे, हे तत्त्व खरे मोलाचे आहे.

हेच तत्त्व आपल्या गोठ्यातही आहे, परंतु त्याची ओळख पुष्कळांना नसते. कुट्टीची मोटार साध्या कळीवर चालत असेल, तर वीज गेली तरी कळ चालूच राहते. यंत्र थांबलेले पाहून कोणी अडकलेला कडबा काढण्यासाठी तोंडात हात घालतो, आणि तेवढ्यात वीज परत येते. पुढे काय होते ते सांगण्याची आवश्यकता नाही.

चांगल्या स्टार्टरमध्ये यावर उपाय असतो. त्यातही एक वेटोळे आणि एक स्प्रिंग असते. प्रवाह असेतोवर वेटोळे कळीला धरून ठेवते. वीज गेली की स्प्रिंग तिला सोडविते, आणि वीज परतली तरी बटण पुन्हा दाबल्यावाचून मोटार फिरत नाही. याच्या उलट, विहिरीवरील पंप वीज येताच आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी ‘ऑटो’ बसवितात. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी ती सोय योग्यच आहे. परंतु पाण्याला बोटे नसतात, कडबा सारणाऱ्याला असतात. पंपाचा ‘ऑटो’ कुट्टीला कधीही जोडू नये.

वीज तोडली म्हणजे काम संपले असेही नाही. कुट्टीचे जड चाक आपल्या वेगाने फिरत राहते. मिनिटाला ६०० फेरे असतील, तर सेकंदाला १० होतात. पाती दोन असतील, तर सेकंदाला २० घाव. वेग निम्मा झाला तरी चाकात पूर्वीच्या एकचतुर्थांश शक्ती उरते, आणि बोटासाठी तेवढी पुरेशी असते. ट्रॅक्टरच्या मागचा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या वेगाने चालविण्याची पद्धत आहे, म्हणून तेथेही हाच हिशेब लागू पडतो.

संसदेने धोकादायक यंत्रांविषयी १९८३ साली कायदा केला. त्यात मळणीयंत्राचा नावानिशी उल्लेख आहे आणि जखमी मजुराच्या भरपाईची तरतूद आहे. पण भरपाईने हात परत येत नाही. म्हणून यंत्र घेताना विक्रेत्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. वीज गेल्यावर परत आली तर हे आपोआप सुरू होते काय? कडबा अडकल्यास तो उलट फिरवून बाहेर काढण्याचा दांडा आहे काय? चाक जागच्या जागी अडविण्याची खीळ आहे काय? आणि हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, ट्रॅक्टर असेल तर इंजिन बंद करावे, चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच खीळ घालावी.

पाते हाताने जोडा वा विजेने, ती निवड ऐपतीची आणि सोयीची आहे. माणसाचे लक्ष नसतानाही ते थांबावे, ही अट मात्र प्रत्येक गोठ्यात सारखीच असली पाहिजे.