कड्यावरची शिंदळ माकुडी

शनिवारी मारुतीला वाहायला आपण रुईची पाने आणतो. मुरब्यात रुई कुणाला ओळखीची नाही? आज आम्ही तिच्याच कुळातल्या एका दुर्मीळ झाडाविषयी सांगणार आहोत. नाव शिंदळ माकुडी, शास्त्रज्ञ तिला फ्रेरिया इंडिका म्हणतात.

ती दिसते निवडुंगासारखी, पण निवडुंग नव्हे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. ही मात्र अस्सल महाराष्ट्राची. जगात दुसरीकडे रानात कुठेच उगवत नाही. 1860 च्या दशकात डॅलझेल यांनी जुन्नर भागातून तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर फ्रियर यांचे नाव तिला दिले. शिवनेरी, सज्जनगड अशा ठिकाणी उभ्या कड्याच्या कपारीत ती लोंबते. पावसात पाने फुटतात, उन्हाळ्यात गळतात. मग मांसल खोडात साठवलेल्या पाण्यावर ती तग धरते. पाऊस सरता सरता पिवळ्या ठिपक्यांची, गडद तांबडी, चांदणीसारखी फुले येतात.

जगातल्या सर्वांत धोक्यातल्या 12 वनस्पतींत तिची गणना झाली होती. शेळ्या-गुरे खातात, वणवे लागतात, दरडी कोसळतात आणि हौशी माणसे उपटून नेतात.

फांदी खोचली की ती कुंडीत जगते. मग काळजी कशाची? फांदीचे रोप म्हणजे त्याच झाडाची नक्कल. नवा जीव बियांतून येतो. त्यासाठी कड्यावर झाडे हवीत आणि फुलांवर येणाऱ्या माश्याही.

मुलांना घेऊन शिवनेरीला गेलो, तर ती लांबूनच दाखवूया. घरी हवीच असेल, तर रोपवाटिकेत वाढवलेलेच रोप घेऊया. गडावरचे गडावरच राहू दे.