कात टाकायला नदीच्या मुखाशी

जुलै महिन्यात कॅनडातल्या चर्चिल नदीच्या मुखाशी भरती लागली, की रबरी होडीचा चालक इंजिन बंद करून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारा मायक्रोफोन, पाण्यात सोडतो. बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे, दिसायच्या आधी ऐकू येतात. शिट्ट्या, चिवचिव, करकर, टकटक. लग्नघरात सगळ्या आत्या-मावश्या एकदम बोलू लागाव्यात तसा गलका. मग तपकिरी पाण्यात पांढऱ्या पाठी वर येतात. पाठीवर पर नाही, नुसता कंगोरा. बर्फाखालून पोहणाऱ्याला पर अडचणीचाच.

नीट पाहिलं तर सगळे पांढरे नसतात. पिल्लं राखाडी. काही मोठ्यांच्या अंगावर पिवळसर छटा असते, ती जुन्या कातडीची. ती टाकायलाच हे इथे येतात, निदान बव्हंशी. नदी जिथे मिळते त्या हडसन उपसागरापेक्षा तिचं पाणी कोमट आणि कमी खारं. त्यात नवी कातडी झपाट्याने वाढते. उथळात शिरून ते तळाच्या गोट्यांवर अंग घासतात, कुशीवर वळतात, पुन्हा घासतात. शिवाय किनाऱ्याला कॅपेलिन मासे येतात, आणि उथळ पाण्यात किलर व्हेलची भीती कमी.

सील, चर्चिल आणि नेल्सन या नद्यांच्या मुखांशी आणि आसपासच्या किनाऱ्याला उन्हाळ्यात ५०,०००हून अधिक बेलुगा जमतात. मोजणी विमानातून होते. वारा असला की फेस कुठला नि पाठ कुठली कळत नाही, राखाडी पिल्लू गढूळ पाण्यात हरवतं, आणि बुडी मारलेल्यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

नकाशात बेलुगांचा प्रदेश उत्तर ध्रुवाभोवती एकाच रंगाने भरलेला असतो. मला तो रंग फसवा वाटतो. उन्हाळा सरला की इथले कळप निघतात. उपसागर गोठतो, म्हणून हिवाळा हडसन सामुद्रधुनीत काढतात. तिथला बर्फ प्रवाहाने सरकत राहतो, श्वास घ्यायला फटी मिळतात. अलास्कातल्या कुक इनलेटचे आणि कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाचे बेलुगा मात्र वर्षभर आपला मुलूख सोडत नाहीत. कुक इनलेटमध्ये तर ते काही शेच उरलेत.

बेलुगांच्या किती जवळ होडी न्यावी यावर कॅनडात कायद्याचं बंधन आहे. बेलुगांवर नाही. दोन तरुण बेलुगा बंद पंख्याशी येऊन बुडबुडे सोडत बसलेत, आणि ते बाजूला होईपर्यंत चालकाला इंजिन सुरू करता येत नाही.