युरोपातली नदी-क्रूझ: माहितीपत्रकातले समज आणि नदीतलं पाणी

बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळच्या बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी असलेलं हे वीरशैव समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. पावसाळ्यात इथला धबधबा पाहायला जिल्हा लोटतो आणि पाऊस सरला की धार बारीक होत जाते. पाणी आहे तोवरच सगळं, हे या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण तोच माणूस युरोपातल्या नदीवरच्या क्रूझचं माहितीपत्रक हातात घेतो, तेव्हा तिथल्या नद्या बाराही महिने तुडुंब असतात असं गृहीत धरतो. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, मुलगा किंवा मुलगी जर्मनीत नोकरीला असलेले आईवडील असे अनेक जण आता या सहलीबद्दल विचारतात. आयुष्यभराच्या बचतीतला मोठा घास जाणार असेल, तर आधी काही समज तपासून घ्यायला हवेत.

पहिला घोटाळा नावाचाच. आपल्याकडच्या बहुतेक ग्रुप टूरच्या कार्यक्रमात ‘ऱ्हाईन क्रूझ’ असा उल्लेख असतो. ती साधारणपणे जर्मनीतल्या बोपार्ड ते सेंट गोआर अशी तासा-दीड तासाची बोटफेरी असते; पॅरिसला सीन नदीवर असते तशीच. छान असते, पण ती नदी-क्रूझ नव्हे. नदी-क्रूझ म्हणजे आठवडा-दोन आठवडे जहाजावरच मुक्काम, तिथेच खोली, तिथेच जेवण आणि रोज नवं शहर. दोन्हींच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून ‘क्रूझ समाविष्ट’ एवढ्यावर खूश होऊ नये आणि एवढ्यावरून घाबरूनही जाऊ नये.

समुद्रावरच्या क्रूझचे फोटो पाहून लोक पोहण्याचे तलाव, नाट्यगृहं आणि हजारो प्रवासी डोळ्यांसमोर आणतात. नदीवरचं जहाज लांब, अरुंद आणि बुटकं असतं: सुमारे 135 मीटर लांब, साडेअकरा मीटरच्या आत-बाहेर रुंद, प्रवासी दोनशेच्या आत. ही मापं डिझायनरने ठरवलेली नाहीत, जलपाशांनी, म्हणजे जहाजाला वर-खाली नेणाऱ्या लॉकनी ठरवली आहेत. माइन नदी आणि पुढचा माइन-डॅन्यूब कालवा यांवरची लॉक 12 मीटर रुंद आहेत. जहाज आत शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरते. खिडकीतून हात काढला तर ओली भिंत लागेल इतकी ती जवळ असते. पूल ठेंगणे असल्याने कप्तानाची केबिनसुद्धा खाली घेता येते आणि अशा वेळी वरचा डेक प्रवाशांसाठी बंद ठेवतात. लाटा नसल्यामुळे मळमळीची भीती मात्र जवळजवळ नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी निर्धास्त असावं.

‘दिवसभर बाल्कनीत बसून किल्ले बघायचे’ हे चित्रही अर्धंच खरं. जहाज बरेचदा रात्री चालतं आणि दिवसा किनाऱ्याला उभं राहतं, म्हणजे शहरं पाहता येतात. दिवसाउजेडी मुद्दाम चालवतात ते काही निवडक टप्पे: ऱ्हाईनचं कोब्लेन्झ ते बिंगेन हे 65 किलोमीटरचं खोरं, जे 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, किंवा ऑस्ट्रियातलं मेल्क ते क्रेम्स हे वाखाउ खोरं. शिवाय धक्क्यावर जागा कमी असली की जहाजं एकाला एक लावून उभी करतात. मग महागड्या बाल्कनीतून दिसते शेजारच्या जहाजाची बाल्कनी.

जहाज थेट ऐतिहासिक शहराच्या मध्यात लागतं, हेही सरसकट खरं नाही. कोलोनला कॅथीड्रल धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, बुडापेस्टला तर अख्खं शहर दोन्ही काठांवर उभं असतं. पण व्हिएन्नात 1870 ते 1875 या काळात डॅन्यूबचं पात्र सरळ केलं गेलं. जहाजं त्या मुख्य पात्रात लागतात आणि जुन्या शहरात मेट्रोने किंवा बसने जावं लागतं. न्यूरेंबर्गचा धक्का कालव्यावर, शहराबाहेर. ‘प्राग ते बुडापेस्ट’ अशा नावाच्या सहलीत प्राग बहुतेक वेळा हॉटेल आणि बसने होतं, कारण प्राग डॅन्यूबवर नाहीच.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा. युरोपातल्या नद्याही आटतात. ऱ्हाईनवर काउब नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या पाणीपातळीकडे सगळ्या जहाजवाल्यांचं लक्ष असतं. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ती 25 सेंटिमीटरपर्यंत उतरली होती, 2022 च्या ऑगस्टमध्ये 32 च्या आसपास. तेव्हा ‘ऱ्हाईन गुडघाभर उरली’ अशी समजूत पसरली, आणि तीही चूक. मोजपट्टीचं शून्य नदीच्या तळाशी नसतं. काउबला पट्टीवर 78 सेंटिमीटर दिसतात तेव्हा जहाजांच्या मार्गात सुमारे 1.90 मीटर पाणी असतं. म्हणजे आकडा 40 असला तरी दीड मीटर पाणी आहे. मालवाहू जहाजं निम्मा माल उतरवून त्यातून जातात. क्रूझच्या जहाजाला प्रवासी असे उतरवता येत नाहीत.

मग उतरवतात ते बसमध्ये. कंपनीची एकाच बनावटीची दोन जहाजं असतील तर उथळ टप्प्याच्या एका बाजूला तुम्हाला उतरवून बसने पलीकडच्या जहाजावर नेतात. दुसरं जहाज नसेल तर एकाच जागी उभं जहाज हॉटेल होतं आणि रोज बसने फेऱ्या. करारातल्या अटींमध्ये हा अधिकार कंपनीकडे असतो. पाणी वाढलं तरी हेच, कारण मग पुलांखालून जाता येत नाही. 2013 च्या जूनमध्ये पासाउ शहरात डॅन्यूबने पाचशे वर्षांतली सर्वोच्च पातळी गाठली होती. 2024 च्या सप्टेंबरमधल्या पुरातही डॅन्यूबवरची वाहतूक थांबली होती.

हा धोका सगळीकडे सारखा नाही, आणि हे माहितीपत्रकात सहसा नसतं. जिथे धरणं आणि लॉक आहेत तिथे पाण्याची पातळी राखलेली असते. अडचण येते ती नदी मोकळी वाहते तिथे. ऱ्हाईनवरचं शेवटचं लॉक इफेत्सहाइमला आहे. त्याच्या खाली जर्मनीत नदीवर एकही अडथळा नाही, काउब त्याच भागात येतं. डॅन्यूबवर बव्हेरियातला स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा टप्पा असाच. लॉकमध्ये वेळ जातो म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशांनी हे लक्षात घ्यावं: लॉक आहेत म्हणून जहाज चालतं आहे.

या दोन नद्या जोडणारा माइन-डॅन्यूब कालवा मला या प्रवासातली सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट वाटते, कुठल्याही राजवाड्यापेक्षा. शार्लमेन राजाने इसवी सन 793 मध्ये तिथे कालवा खणायला घेतला होता. आजचा कालवा पूर्ण झाला 1992 मध्ये. बामबर्ग ते केलहाइम 171 किलोमीटर, 16 लॉक, सर्वोच्च बिंदू समुद्रसपाटीपासून 406 मीटर. हिल्पोल्टस्टाइनचं लॉक जहाजाला एका दमात 24.67 मीटर उचलतं. बाजूच्या पायऱ्यापायऱ्यांच्या हौदांत पाणी साठवून पुढच्या जहाजासाठी तेच परत वापरतात. याच कालव्याचं दुसरं काम म्हणजे डॅन्यूबच्या खोऱ्यातलं पाणी उत्तरेकडच्या पाणीटंचाईच्या फ्रँकोनियाला पोहोचवणं. बीडच्या बिंदुसरा नदीचं कोरडं पात्र पाहिलेल्या माणसाने तिथे डेकवर उभं राहून हे नीट बघावं. गाइड राजवाड्यांबद्दल बोलेल, तुम्ही हौदांबद्दल विचारा.

‘म्हाताऱ्यांसाठी एकदम सोयीचं’ हे बऱ्याच अंशी खरं आहे, कारण रोज बॅगा भरायच्या नसतात. पण लिफ्ट असली तरी ती बहुधा वरच्या डेकपर्यंत जात नाही. जहाजं शेजारी-शेजारी लागली तर दुसऱ्या जहाजातून, पायऱ्या चढून-उतरून काठावर जावं लागतं, आणि जुन्या शहरांतले रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे असतात. गुडघे दुखत असतील तर चांगले बूट आणि काठी घरूनच न्या.

जेवणाचं कपिलधारच्या भक्तमंडळींना खास सांगायला हवं. शाकाहारी जेवण मिळतं, पण ते युरोपीय: सूप, पास्ता, बटाटे, भाजलेल्या भाज्या. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातलं रेनेट वापरूनच बनतं, त्यामुळे ‘व्हेज’ म्हटल्यावरही विचारावं. भारतीय स्वयंपाकी हवा असेल तर आपल्याकडच्या कंपनीने पूर्ण जहाज किंवा मोठा गट घेतला आहे का, ते पाहा.

आणि व्हिसा. जहाजावर राहिलो तरी शेंगेन व्हिसा लागतोच. डॅन्यूबवर बुडापेस्टच्या पुढे बेलग्रेडला जाणार असाल तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही. परत आत यायचं असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. सहलीचे पैसे भरताना वसूल होणारा टीसीएस हा कर वाया जात नाही, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

पहिल्यांदाच युरोपला जाणाऱ्यांनी क्रूझ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वेने फिरावं आणि ऱ्हाईनच्या खोऱ्यात दिवसाच्या बोटीने एक टप्पा करावा. 1826 पासून चालू असलेल्या के.डी. कंपनीच्या बोटी कोलोनपासून वरच्या भागात नियमित जातात. ज्यांना क्रूझच घ्यायची आहे त्यांनी ऱ्हाईनसाठी मे-जूनचा विचार करावा. तेव्हा आल्प्सचा बर्फ वितळत असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात पाणी कमी होण्याची शक्यता जास्त. हमी मात्र कुठल्याच महिन्याची नाही. म्हणून ठेव भरण्याआधी कंपनीला विचारा: कोणता टप्पा जहाजाने आणि कोणता बसने, पाणी उतरलं किंवा चढलं तर काय करणार, पैसे किती परत मिळणार, विम्यात हे धरलं आहे का. उत्तरं लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर लाखांची रक्कम भरू नका.