पिसे असलेला शिकारी
१९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ने माणसाएवढा, बिनपिसांचा व्हेलोसिरॅप्टर घरोघरी पोहोचवला, प्रत्यक्षातला हा प्राणी टर्की पक्ष्याएवढाच होता. मंगोलियातील गोबी वाळवंटात त्याचे जीवाश्म १९२३ मध्ये प्रथम सापडले. पिसांचा थेट पुरावा मात्र २००७ मध्ये मिळाला. त्याच्या हाताच्या हाडावर ओळीने बारीक उंचवटे आढळले. आजच्या अनेक पक्ष्यांत पिसांची मुळे अशाच उंचवट्यांना घट्ट बांधलेली असतात. हात आखूड असल्याने त्याला उडता मात्र येत नसे. १९७१ मध्ये सापडलेल्या एका विलक्षण जीवाश्मात तो प्रोटोसेराटॉप्स या शाकाहारी डायनोसॉरशी झुंजतानाच गाडला गेलेला दिसतो. पायाची विळ्यासारखी नखी भक्ष्याच्या मानेशी, आणि स्वतःचा उजवा हात भक्ष्याच्या जबड्यात!