उन्हात वाचायचे आहे? आधी डोळे, मग ई-रीडर

कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या आवारात झाडाच्या पारावर बसलेले नातेवाईक पाहिले, तर मोबाइलवर हाताची सावली धरून काहीतरी वाचणारे दोन-चार जण हमखास दिसतात. सोसायटीच्या फाटकाशी बसलेला रखवालदार, बागेतल्या बाकावरचे निवृत्त शिक्षक, अभ्यासिकेत जागा न मिळाल्याने झाडाखाली पथारी पसरणारे स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, या सगळ्यांची अडचण एकच असते. उजेड भरपूर असतो, पण पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत. अशा वाचकाला कोणीतरी ‘ई-रीडर घे’ असे सुचवतो. मग प्रश्न येतो, तो परवडणारा कोणता आणि डोळ्यांना चालेल कोणता?

उन्हात पडदा का पुसट होतो?

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो दोनशे-तीनशे लक्सच्या आसपास असतो. दोन्ही ठिकाणी वाचता येते, कारण डोळ्याची बाहुली आणि आतला पडदा स्वतःला जुळवून घेतात. मोबाइलला मात्र ते जमत नाही. त्याचा पडदा स्वतःच्या प्रकाशाने उजळतो आणि त्या प्रकाशाला मर्यादा आहे. काचेवरून परतणारे ऊन त्या प्रकाशात मिसळले, की काळे अक्षर राखाडी होते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरकच बुजतो. चमक वाढवली तर बॅटरी लवकर संपते, फोन तापतो आणि तापलेला फोन स्वतःहून चमक कमी करतो.

ई-रीडरचे गणित उलटे आहे. त्याचा पडदा कागदासारखा, पडलेला प्रकाश परतवून दिसतो. त्यामुळे उजेड वाढला की अक्षर अधिक ठळक होते.

या पडद्यामागची कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्रा. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी जे. डी. अल्बर्ट व बॅरेट कॉमिस्की यांनी विकसित केली. १९९७ मध्ये त्यातून ‘ई इंक’ ही कंपनी उभी राहिली. २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये अशा पडद्याचे वाचनयंत्र विक्रीला आणले, तर २००७ मध्ये किंडल आले. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगतात. दोन्हींवरचा विद्युतभार परस्परविरुद्ध असतो. विजेची दिशा बदलली की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसरे तळाशी जातात. एकदा वर आलेले कण तिथेच थांबतात. म्हणून वीज मुख्यतः पान उलटतानाच लागते आणि रोज थोडे वाचणाऱ्याला एकदा केलेले चार्जिंग काही आठवडे पुरते.

या पडद्याची ‘पांढरी’ बाजू चांगल्या कागदाइतकी शुभ्र नसते. दुकानातल्या मंद उजेडात तो मळकट वाटतो आणि शेजारचा टॅब्लेट झळाळतो. निवड तिथेच चुकते. ज्याला बाहेर वाचायचे आहे, त्याने दोन्ही यंत्रे दुकानाच्या दाराबाहेर नेऊन पाहावीत.

डोळ्यांना फायदा किती?

‘ई-रीडरने डोळे बिघडत नाहीत’ अशी जाहिरात ऐकू येते. ती जरा सावधपणे घ्यावी. साधा टॅब्लेट आणि ई-इंक पडदा यांची तुलना करणारे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. काहींत ई-इंकवर थकवा कमी आढळला, काहींत फारसा फरक दिसला नाही. शिवाय एकटक वाचताना पापण्यांची उघडझाप मंदावते, मग समोर मोबाइल असो, ई-रीडर असो वा छापील पुस्तक. बाहेर वाऱ्यात डोळ्यांतला ओलावा आणखी लवकर उडतो. चुरचुर, जळजळ होते ती त्यामुळे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, मुद्दाम पापण्या मिटाव्यात आणि वाऱ्याकडे पाठ करून बसावे. हा उपाय फुकट आहे आणि सगळ्या यंत्रांना लागू आहे.

झोपेबद्दलही असाच एक गैरसमज आहे. झोपण्यापूर्वी ई-पुस्तक वाचल्याने मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि झोप उशिरा लागते, असे दाखवणारा बोस्टनमधला एक अभ्यास २०१५ मध्ये गाजला. त्यात सहभागी होते बारा जण आणि त्यांच्या हातात होता आयपॅड, म्हणजे डोळ्यांकडे थेट प्रकाश फेकणारा टॅब्लेट. दिवा बंद ठेवलेल्या ई-इंक पडद्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

दोन फायदे मात्र निश्चित आहेत. पहिला, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, त्यामुळे मोठे अक्षर ही वयाची गरज असते. दुसरा, भरपूर उजेडात बाहुली आकसते आणि बारीक छिद्रातून पाहिल्यासारखी अक्षरे रेखीव होतात. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना अंगणात वर्तमानपत्र बरे वाचता येते ते यामुळेच. ई-रीडर हा उजेड वापरू देतो.

पैसे कशासाठी मोजावेत?

बाहेर, आणि तेही मुख्यतः कथा-कादंबऱ्या किंवा अभ्यासाचा मजकूर वाचायचा असेल, तर सहा इंचांचे साधे कृष्णधवल यंत्र पुरते. वजन दीडशे ते दोनशे ग्रॅमच्या दरम्यान असल्याने ते एका हाताने पेलते. सांधेदुखी असलेल्यांना हा फरक जाणवतो.

पहिला खर्च पडद्याच्या बारकाव्यावर करावा. इंचाला ३०० ठिपके असलेला पडदा घ्यावा. इंग्रजीला कमी ठिपके चालून जातात, पण देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार आणि जोडाक्षरे यांत अर्थ दडलेला असतो. जुन्या १६७ ठिपक्यांच्या पडद्यावर बारीक टंकात ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ वेगळे ओळखताना डोळे ताणावे लागतात.

दुसरा खर्च समोरून पडणाऱ्या दिव्यावर. हा दिवा पडद्याच्या कडेने पानावर प्रकाश टाकतो. उन्हात तो बंदच ठेवायचा, पण संध्याकाळी उजेड उतरल्यावर त्याची गरज पडते. पिवळसर प्रकाशाची सोय असेल तर उत्तम, नसेल तर काही अडत नाही.

वाचवायचे पैसे मुख्यतः रंगीत पडद्याचे. सध्याच्या बहुतेक रंगीत ई-इंक पडद्यांवर रंगांच्या गाळणीचा एक थर असतो. त्यामुळे पान काळपट दिसते आणि रंगीत भागाचा रेखीवपणाही कमी असतो. निव्वळ मजकुरासाठी त्याचा उपयोग नाही. चार-आठ हजार पुस्तकांची साठवणही बहुतेकांना लागत नाही.

‘कागदासारखा पडदा’ या शब्दांनी फसू नये. काही टॅब्लेटच्या चकचकीत काचेवर खरबरीत लेप देऊन ते या नावाने विकतात. चकाकी कमी होते हे खरे, पण आतला पडदा स्वतःच्या प्रकाशावरच चालतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे दिवा पूर्ण बंद करून पाहणे. अक्षरे दिसत राहिली तर तो ई-इंक, पडदा काळा झाला तर टॅब्लेट.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर आधीच्या मालकाचे खाते त्यातून काढले आहे ना, पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा नाहीत ना आणि मराठी पान उघडल्यावर वेलांट्या जागच्या जागी दिसतात ना, हे समोर तपासावे.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट पाहावी. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे मिळू लागली. अशा पुस्तकांत अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. पण मोफत मिळणारी कित्येक मराठी पुस्तके आणि परीक्षांच्या टिपा पीडीएफ स्वरूपात असतात. स्कॅन केलेल्या पानात अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि पान सारखे सरकवावे लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातली पीडीएफ रूपांतरित केली तर अगम्य चिन्हेच उरतात. ज्यांचे वाचन मुख्यतः अशा फाइलींचे आहे, त्यांनी मोठ्या पडद्याचे यंत्र घ्यावे किंवा छापील प्रतच वापरावी.

ऊन, धूळ आणि पाऊस

उन्हात वाचता येणारे यंत्र उन्हात ठेवण्यासाठी नसते. अशा यंत्रांची वापराची मर्यादा साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंत दिलेली असते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सावलीतले तापमानही ती सहज ओलांडते. बंद मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत यंत्र ठेवू नये. माणसालाही हाच नियम लागू. मार्च ते जूनमध्ये दुपारी बारा ते तीन उघड्यावर वाचत बसू नये. सकाळी झाडाची सावली हीच डोळ्यांना आणि यंत्राला उत्तम जागा. तिथे उजेड पुरेसा असतो आणि पान डोळ्यांवर येत नाही.

‘आयपीएक्स८’ असे लिहिलेले यंत्र ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यात टिकते. त्यातला ‘एक्स’ सांगतो, की धुळीपासूनच्या संरक्षणाचे मानांकन दिलेले नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचीही हमी त्यात नसते. कोकणात, गोव्यात किनाऱ्यावर वाचणाऱ्यांनी आणि शेतात नेणाऱ्यांनी साधी बंद होणारी प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवावी.

यंत्राआधी तपासणी

सगळ्यात महत्त्वाचे शेवटी. ‘हल्ली वाचताना त्रास होतो’ म्हणून ई-रीडर घेणाऱ्यांपैकी काहींचा त्रास पडद्याचा नसतो, डोळ्यांचा असतो. उन्हात नेहमीपेक्षा अंधूक दिसू लागले, समोरच्या दिव्यांनी दिपू लागले, तर तो मोतीबिंदू असू शकतो. भिंगाच्या मागच्या बाजूला मध्यभागी होणाऱ्या मोतीबिंदूत उजेडात बाहुली आकसली की दृष्टी अधिकच कमी होते. मधुमेह असलेल्यांत आणि स्टिरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यांत तो लवकर दिसतो. सरळ ओळ वाकडी दिसणे, अक्षराचा मधला भाग गायब होणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे ही लक्षणे तर अक्षर मोठे करून झाकली जातात आणि उपचाराची वेळ निघून जाते. काचबिंदू बहुधा सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि आतला पडदा तपासून घ्यावा. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दर वर्षी करावी.

मुलांच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेच्या वेळेत रोज चाळीस मिनिटे अधिक मैदानावर घालवलेल्या मुलांत तीन वर्षांत लघुदृष्टी झाली ३०.४ टक्क्यांना, तर नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत ३९.५ टक्क्यांना. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले तिथे मैदानावर होती. झाडाखाली ई-रीडर हाती दिला म्हणजे ती मात्रा पूर्ण झाली असे समजू नये.

सरकारी रुग्णालयांत डोळ्यांची तपासणी अत्यल्प खर्चात होते आणि राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. वाचनाचा चष्मा काहीशे रुपयांत मिळतो. मग खर्चाचा क्रम सरळ आहे. आधी तपासणी, मग योग्य नंबरचा चष्मा आणि त्यानंतर हजारो रुपयांचे यंत्र. पहिल्या दोन पायऱ्यांवरच कित्येकांना साधे पुस्तक पुन्हा नीट दिसू लागते.