दुआ पाठ होती, बटन सापडत नव्हते

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. अम्मीला अकोल्याला डॉक्टरांना दाखवून आम्ही रिठदला परत निघालो होतो. गाडी घरी येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी चालवत होतो, शेजारी बेगम, मागे अम्मी आणि दोन्ही मुले. पातूर सोडले आणि घाट लागायच्या आत पावसाने झोडपायला सुरुवात केली. मगरिबची वेळ, उजेड संपत आलेला. वायपर जोरात फिरत होते, तरी समोरचे दिसेना. काच बाहेरून धुतली जात होती आणि आतून दुधासारखी पांढरी होत चालली होती.

मी रुमालाने पुसू लागलो. एक वीतभर जागा साफ व्हायची आणि दोन क्षणांत पुन्हा धूसर. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या धूसर काचेवर फुटून सगळीकडे पसरत. काच साफ करण्याचे बटन असते, एवढे मला ठाऊक होते. कुठे असते ते ठाऊक नव्हते. अंदाजाने एक बटन दाबले. काही झाले नाही. मागून अम्मीचा आवाज, "आहिस्ता, बेटा, आहिस्ता." आणि थोड्या वेळाने नववीतली मुलगी म्हणाली, "अब्बू, मागची काच साफ होतेय!"

मी मागच्या काचेचे बटन दाबले होते. बेगमने शेजारचे, तसेच दिसणारे दुसरे बटन दाबले. वारा पुढच्या काचेवर आला आणि खालून वर काच उघडत गेली. पुढे एका धाब्यासमोर गाडी उभी केली तेव्हा माझे हात थरथरत होते.

अकोल्याहून निघताना आम्ही प्रवासाची दुआ पढलो होतो. सूरह जुखरुफच्या तेराव्या-चौदाव्या आयतीतली ही दुआ आपल्या घराघरात लहान मुलांनाही पाठ असते. सवारी आपल्या ताब्यात दिल्याबद्दल त्यात अल्लाहची पाकी बोलली जाते आणि हे आपल्या ताकदीतले नव्हते अशी कबुलीही दिली जाते. त्या आयतींच्या आधी जहाजांचा आणि गुरांचा उल्लेख आहे. ज्याच्याकडे घोडा असे, त्याला घोड्याच्या कानाची हालचालही कळे. आमच्याकडे नऊ लाखांची सवारी होती आणि तिच्या तोंडावरची चाळीस बटने आम्हाला अनोळखी होती.

यात चूक माझीच. शोरूममध्ये हार घातला, पेढे वाटले, मोठी किल्ली हातात घेऊन फोटो काढला. गाडीची ओळख म्हणून तिथल्या मुलाने दहा मिनिटे जे सांगितले, त्यातली आठ मिनिटे मोबाइल गाडीला कसा जोडायचा यात गेली. मुलांनी तेवढे पटकन शिकून घेतले. माहितीपुस्तिका मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून निघालीच नाही, डाव्या बाजूच्या खणात पडून राहिली. मी शिक्षक. प्रश्नपत्रिका हातात आली की आधी पूर्ण वाचा, मग पेन उचला, असे वीस वर्षे पोरांना सांगत आलो.

त्या रात्री इशानंतर बेगमने एक प्रश्न विचारला. "तुमची शुगर उतरली आणि स्टिअरिंगवरच डोळे मिटले, तर मी गाडी थांबवायची कशी?" मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. प्रश्न फुकाचा नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी दारातल्या लिंबाखाली गाडी उभी केली, चारी दारे उघडली, पुस्तिका बाहेर काढली आणि सगळ्यांना बसवले. वाचक भगिनींनो, हा लेख खास तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे गाडी घेतो पुरुष, शिकतो पुरुष, आणि संकट आले तर आत बसलेली असतात बायका, म्हातारी माणसे, लेकरे.

आधी ती दोन बटने. चौकोनी काच आणि त्यातून वर जाणारे नागमोडी बाण, हे मागच्या काचेचे चिन्ह. पंख्यासारखी वर रुंद, कडा वाकलेली काच आणि तेच बाण, हे पुढच्या काचेचे. काच धुरकटते ती आतल्या दमटपणाने. पाच माणसांचा श्वास, ओले कपडे आणि पावसाने थंड झालेली काच. चहाच्या ग्लासावरचे झाकण जसे घामेजते तसे. एसी हवा कोरडी करतो, म्हणून पावसातही तो चालू ठेवायचा. आणि गोल वळलेल्या बाणाचे बटन, म्हणजे आतलीच हवा आत फिरवणारे, ते बंद करून बाहेरची हवा घ्यायची. ट्रकच्या धुरामुळे मी अकोल्यातच ते चालू केले होते आणि विसरलो होतो.

मग मागच्या दारांचा धडा. तो अम्मीच्या एका गुपितामुळे रंगला. गाडी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही एका लग्नाला गेलो होतो. सगळे उतरले, अम्मी म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येते. ती आलीच नाही. पाऊण तासाने मी पाहायला गेलो तर गाडीत बसलेली. म्हणाली, गर्दी नको वाटली. आता त्या रविवारी तिने सांगून टाकले की दार आतून उघडतच नव्हते, आणि नव्या गाडीचे दार मोडले असे म्हणतील म्हणून ती गप्प बसली. मुले पोट धरून हसली. मला हसू आले नाही. चाइल्ड लॉक लावलेला होता. मागचे दार उघडले की त्याच्या कडेला एक लहानसा खटका दिसतो. तो लावला की दार फक्त बाहेरून उघडते. लहान मूल असेल तर तो हवाच, पण तो लावलेला आहे हे मागे बसणाऱ्याला माहीत असायला हवे. टॅक्सीत आणि भाड्याच्या गाडीत असा लॉक नसावा असा नियम २०१९ पासून आहे, तो स्त्रियांच्या सुरक्षेसाठीच.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. उभ्या गाडीत खेळता खेळता लेकरे अडकतात आणि गुदमरून जातात, अशा बातम्या दरवर्षी येतात. माझ्या सात वर्षांच्या मुलाला मी तीन वेळा करून दाखवायला लावले: मागचे दार उघडत नसेल तर दोन सीटच्या मधून पुढे यायचे, पुढच्या दाराची कडी आतून ओढायची (आमच्या गाडीत दोनदा ओढावी लागते), तरीही उघडले नाही तर हॉर्न वाजवत राहायचा. आमच्या गाडीत इंजिन बंद असतानाही हॉर्न वाजतो. तुमच्या गाडीत वाजतो का, ते आजच पाहा. आणि किल्ली मुलांच्या हाती खेळायला देऊ नका.

बेल्टवरून घरात वाद झाला. अम्मीचे म्हणणे, मागे कोण बघतंय. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला तेव्हा पुढचे दोघे जखमी होऊन वाचले आणि मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. ती गाडी महागातली महाग होती. मागचा बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहेच, चौदा वर्षांखालच्या मुलाला नीट बांधले नाही तरी तेवढाच. पण अम्मी दंडाला घाबरणारी नव्हती. तिची खरी अडचण वेगळीच निघाली. बुरख्यावरून पट्टा घेतला की तो सरकतो, गळ्याशी येतो. मग आम्ही रीत बसवली. ओढणी आणि बुरख्याच्या घड्या आधी बाजूला सारायच्या, पट्टा अंगासरशी घ्यायचा, वरचा खांद्याच्या मधून, खालचा कमरेच्या हाडावरून, आणि ओढणी नंतर पट्ट्यावरून सोडायची. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खालून घ्यावा.

आणि कृपा करून तान्हे बाळ मांडीवर घेऊन पुढे बसू नका. आपल्याकडे ही मानाची जागा समजतात. समोरच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते आणि ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, प्रचंड जोराने फुगते. बाळ तिच्या आणि आईच्या मधे सापडते. लेकरे मागेच. चालवणाऱ्यानेही छाती आणि स्टिअरिंग यांत एक वीत आणि वर दोन बोटे अंतर ठेवावे. मी आधी स्टिअरिंगला चिकटून बसायचो. सीट मागे घ्यायचा खटका सीटखाली असतो, हेही तेव्हाच हाताला लागले.

आता बेगमचा प्रश्न. त्यावर आम्ही अर्धा तास घालवला आणि गाडी उभी असताना सगळ्या कृती करून पाहिल्या. चालवणारा भान हरपला तर शेजारच्याने एका हाताने स्टिअरिंग धरून गाडी सरळ ठेवायची. चालवणाऱ्याचा पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर तो ढकलून काढायचा. गिअरचा दांडा ओढून मधे, न्यूट्रलमध्ये आणायचा. मग हँडब्रेक हळूहळू, टप्प्याटप्प्याने वर घ्यायचा. एकदम खेचला तर मागची चाके घसरतात. गाडी पूर्ण थांबेपर्यंत इंजिन बंद करायची घाई नको, कारण इंजिन बंद झाले की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. थांबल्यावर लाल त्रिकोणाचे बटन, म्हणजे चारी इंडिकेटर, आणि ११२ किंवा १०८ ला फोन. ज्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटन आहे किंवा गिअर आपोआप बदलतो, त्यांची रीत वेगळी असते. ती तुमच्या पुस्तिकेत दिलेली असते, ते पान दुमडून ठेवा. बेगमने हँडब्रेक पाचदा ओढला. पहिल्या दोन वेळा खालचे बटन दाबायचे राहिल्याने तो खाली जाईना.

ते लाल त्रिकोणाचे बटन मी पावसात चालत्या गाडीतही लावत होतो. ते चूक आहे. चारी इंडिकेटर चालू असले की आपण वळणार आहोत की थांबलो आहोत, मागच्याला कळत नाही. गाडी बंद पडून उभी असेल तेव्हाच ते लावावे. चालत्या गाडीला पावसात साधे हेडलाइट लावून डिपरवर ठेवावेत.

समोरच्या पट्टीवरच्या दिव्यांची भाषा मुलीने दहा मिनिटांत पाठ केली. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे अमुक चालू आहे. लाल दिव्यांतला तेलाच्या झारीचा दिवा सर्वांत महत्त्वाचा. तो चालता चालता लागला तर "गावापर्यंत नेऊ" म्हणायचे नाही, तिथेच इंजिन बंद. ब्रेकच्या पिवळ्या एबीएस दिव्याबद्दल एक सांगतो. एकदम जोरात ब्रेक दाबला की पायाखाली पॅडल थरथरते, कडकड असा आवाज येतो. ते बिघडणे नव्हे, एबीएसचे काम चालू आहे. घाबरून पाय काढू नका, दाबून ठेवा आणि स्टिअरिंगने बाजू काढा. आपल्या भागात रात्री रोही आणि रानडुकरे सोयाबीनमधून एकदम रस्त्यावर येतात. तेव्हा हे माहीत असणे फार उपयोगी पडते.

रात्रीच्याच दोन लहान गोष्टी. आतल्या आरशाखाली एक जीभ असते, ती ओढली की मागच्या गाडीच्या दिव्याची तिरीप मंद होते. आणि स्टिअरिंगच्या उजवीकडे शून्य ते तीन किंवा चार आकड्यांचे छोटे चाक असते. मागे माणसे आणि डिक्कीत सामान असले की गाडीचे तोंड वर उचलले जाते, आपला डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा ते चाक मोठ्या आकड्यावर नेले की प्रकाश खाली उतरतो. गावातल्या तीन गाडीवाल्यांना मी विचारले, एकालाही माहीत नव्हते. त्यातला एक पंधरा वर्षे गाडी चालवतोय.

समृद्धी महामार्ग आता आपल्याच जिल्ह्यातून, मालेगाव, शेलूबाजार, कारंजावरून जातो, आणि नवी गाडी आली की मुलांचा पहिला हट्ट तिथे जायचा असतो. ८० च्या पुढे गाडी मधूनमधून टुणटुणते आणि १२० ला थांबतच नाही, ते बिघाड नव्हे, २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीचा इशारा आहे. तिथे जाण्याआधी टायरची हवा थंड टायरवर तपासावी. किती हवी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. बसचे दार खाली दबले होते, काच फोडून बाहेर पडले ते वाचले. आमच्या गाडीत आता चालकाच्या दाराच्या खणात एक लहान हातोडी असते. कोपऱ्यावर मारायची ती बाजूच्या काचेच्या. पुढच्या काचेत मधे पातळ पडदा असतो, ती तडकते पण सहज फुटून पडत नाही.

पुस्तिका इंग्रजीत आहे. मुलीने महत्त्वाच्या पंधरा पानांचे मथळे एका वहीच्या कागदावर उतरवले, डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला अम्मीसाठी उर्दू, आणि पान क्रमांक मधे. तो कागद आता त्या खणात वरच असतो. टायर बदलण्याचे पान आम्ही अजून करून पाहिलेले नाही. स्टेपनी काढली, जॅक कुठे आहे ते पाहिले, आणि अम्मीने जेवायला हाक मारली.

बेगमचे लर्निंग लायसन्स मागच्या महिन्यात निघाले. गाडीला पुढे-मागे लाल एल चिकटवला आहे. सकाळी फजरनंतर रस्ता मोकळा असतो तेव्हा ती चालवते आणि मी शेजारी बसतो, उजवा हात हँडब्रेकजवळ ठेवून. परवा तिने मला विचारले की निघण्याआधी मी आरसे तिच्या उंचीला लावून का दिले नाहीत. मी म्हणालो, ते बटन तुझ्या दारावर आहे. ती म्हणाली, माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होते.